शेवटच्या मिनिटातला फ्लॅग्रंट फाऊल: कॉल बरोबर होता की चूक, हे आपलं आपण कसं तपासायचं

१७ मार्च २००७, लेक्सिंग्टन, केंटकी. एनसीएए टूर्नामेंटची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची, दुसरी फेरी. झेवियर ६१, ओहायो स्टेट ५९, आणि घड्याळात मोजके सेकंद उरलेत. ओहायो स्टेटचा सात फुटी सेंटर ग्रेग ओडेन झेवियरच्या जस्टिन केजला दोन्ही हातांनी ढकलतो, केज आडवा होतो, शिट्टी वाजते. रेफ्री देतात साधा फाऊल. ओडेनचा तो पाचवा, त्यामुळे तो बाहेर. केज दोनपैकी एक फ्री थ्रो (एका पॉइंटचा मोकळा शॉट) टाकतो, ६२-५९. दुसरा चुकतो आणि बॉल ओहायो स्टेटकडे जातो, रॉन लुईस लांबून थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा शॉट, मारतो, ६२-६२, ओव्हरटाइममध्ये ओहायो स्टेट ७८-७१ ने जिंकते आणि पुढे थेट फायनलपर्यंत जाते.

आता विचार करा, त्याच धक्क्याला रेफ्रीनी वरच्या दर्जाचा, आजच्या भाषेत फ्लॅग्रंट, फाऊल दिला असता तर? त्यात फ्री थ्रोनंतर बॉलही परत त्याच टीमला मिळतो. केजने तसाच एक टाकून एक चुकवला असता तरी बॉल झेवियरकडेच राहिला असता. लुईसला तो शॉट मारायला ओहायो स्टेटला आधी पुन्हा फाऊल करायला लागला असता, पुन्हा झेवियरचे फ्री थ्रो, आणि घड्याळ संपत आलेलं. एवढा मोठा फरक त्या एका शब्दात आहे.

मी नागपूरला शाळेत असताना बास्केटबॉल खेळायचो, नंतर मास्टर्सला अमेरिकेत, इंडियानात आलो आणि इथे हिवाळ्यात दुसरं काही नसतंच, सगळं गाव कॉलेज बास्केटबॉलवर जगतं. दोन वर्षं मी युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये इंट्राम्युरल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या, मॅचेसना रेफ्री म्हणून पार्टटाइम काम केलं, तासाचे थोडे डॉलर मिळायचे पण खरी कमाई म्हणजे रूलबुक नीट वाचायला लागलं. तेव्हापासून मार्चमध्ये आमच्या मराठी ग्रुपमधले मित्र मॅच चालू असतानाच फोन करतात, "अरे हा फ्लॅग्रंट कसा काय दिला?" किंवा "हा का नाही दिला?" प्रत्येक वेळी तेच तेच समजावतो म्हणून आता एकदा सगळं नीट क्रमाने लिहून काढतोय. हे मेन्स कॉलेज बास्केटबॉलबद्दल आहे, विमेन्सच्या नियमांत नावं आणि काही तपशील वेगळे आहेत, ते इथे मिसळत नाही.

आधी डोक्यातून एनबीए आणि आपल्याकडचे नियम बाजूला काढा

निम्मी भांडणं इथेच संपतात. भारतात आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो, तिथे शब्द आहे अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, फ्लॅग्रंट १ म्हणजे अनावश्यक कॉन्टॅक्ट आणि फ्लॅग्रंट २ म्हणजे अनावश्यक आणि शिवाय अतिरेकी. कॉलेजमध्येही नावं तीच, फ्लॅग्रंट १ आणि फ्लॅग्रंट २, पण व्याख्या तंतोतंत तीच नाही. ही नावं कॉलेजमध्ये आली २०११-१२ च्या सीझनपासून, त्याआधी खालच्या पायरीला इंटेन्शनल फाऊल म्हणायचे. म्हणून २००७ च्या त्या मॅचच्या जुन्या बातम्या वाचल्या तर त्यात "इंटेन्शनल का दिला नाही" असाच वाद दिसेल.

आणि माझ्या मते नाव बदललं ते फार चांगलं झालं. इंटेन्शनल म्हटलं की लोक लगेच खेळाडूच्या मनात शिरायचे, मुद्दाम केलं का, राग होता का. पण शेवटच्या मिनिटातले अर्धे फाऊल मुद्दामच असतात! मागे असलेली टीम घड्याळ थांबवायला मुद्दाम फाऊल करते, सगळ्या जगाला माहीत असतं, आणि तो साधाच फाऊल असतो. मुद्दाम होता की नव्हता हा प्रश्नच चुकीचा आहे, कॉन्टॅक्ट कसा होता हा बरोबर प्रश्न.

तर थोडक्यात पायऱ्या अशा: साधा फाऊल, म्हणजे नेहमीचा. फ्लॅग्रंट १, म्हणजे कॉन्टॅक्ट अतिरेकी आहे, किंवा बॉलसाठीचा खरा प्रयत्नच नाही. फ्लॅग्रंट २, म्हणजे कॉन्टॅक्ट अतिरेकी तर आहेच पण गंभीर, टोकाचा आहे, समोरच्याला इजा होऊ शकते असा. फ्लॅग्रंट १ ला दोन फ्री थ्रो आणि नंतर बॉल परत त्याच टीमला, फाऊल झाला त्याच्या जवळच्या जागेवरून. फ्लॅग्रंट २ ला हे सगळं आणि वर खेळाडू मॅचमधून बाहेर. टेक्निकल, म्हणजे बहुधा अंगाला धक्का न लागता झालेला नियमभंग, हे वेगळंच प्रकरण, त्यावर पुढे येतो.

फाऊल बघायच्या आधी बोर्ड बघा

शिट्टी वाजली की आपली नजर पडलेल्या खेळाडूवर जाते. साहजिक आहे. पण मी सांगतो, पहिले तीन सेकंद स्क्रीनच्या खालच्या पट्टीकडे बघा: स्कोअर, घड्याळ, आणि टीम फाऊल किती झालेत. कारण वाद किती मोठा आहे हे तिथे कळतं.

मेन्समध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. एका हाफमध्ये समोरच्या टीमचे सहा फाऊल होईपर्यंत, शॉट मारतानाचा नसेल तर, साधा फाऊल म्हणजे फक्त बाजूने बॉल आत टाकायचा. सातव्यापासून वन अँड वन, म्हणजे पहिला गेला तरच दुसरा मिळतो, पहिला चुकला तर बॉल जिवंत, ज्याला मिळेल त्याचा. दहाव्यापासून सरळ दोन, यालाच डबल बोनस म्हणतात.

२०२५ च्या फायनल फोरमधली, म्हणजे टूर्नामेंटच्या सेमीफायनलमधली, ह्यूस्टन आणि ड्यूकची मॅच आठवा, सॅन अँटोनियोला झालेली, ह्यूस्टनने ७०-६७ जिंकली. शेवटच्या वीसएक सेकंदांत रिबाउंडच्या, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्याच्या, झटापटीत कूपर फ्लॅगवर जे'वॉन रॉबर्ट्सच्या पाठीवरून गेल्याचा फाऊल दिला, आणि रॉबर्ट्सला मिळालं वन अँड वन. पहिला चुकला असता तर खेळ चालू. त्याने दोन्ही टाकले आणि ह्यूस्टन पुढे गेली. त्या कॉलवर खूप आरडाओरडा झाला, पण तो फाऊल होता की नव्हता एवढ्यावरच, फ्लॅग्रंटचा विषयच नव्हता, रिबाउंडसाठीच दोघं वर गेले होते. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, की वादग्रस्त फाऊल आणि वादग्रस्त फ्लॅग्रंट हे दोन वेगळे वाद आहेत. पहिल्यात विचारायचं "कॉन्टॅक्ट बेकायदेशीर होता का", दुसऱ्यात ते मान्यच आहे आणि विचारायचं "किती आणि कशासाठी".

आता हिशोब. समजा तुमची टीम दोनने मागे आहे, आठ सेकंद उरलेत आणि तुमच्या खेळाडूने फाऊल केला. साधा असेल आणि डबल बोनस असेल तर समोरची टीम जास्तीत जास्त चारने पुढे जाईल, पण नंतर बॉल तुमचा. एक चुकला तर तीनने मागे, एका थ्रीत बरोबरी. हाच फ्लॅग्रंट १ झाला तर दोन फ्री थ्रो रिकाम्या लेनमध्ये, म्हणजे रिबाउंडला कुणी उभंच नसतं, आणि मग बॉल पुन्हा त्यांचाच. तुम्हाला परत फाऊल करावा लागतो, परत दोन शॉट. आठ सेकंदांत ही टीम बॉलला हातही लावू शकेल की नाही सांगता येत नाही. थोडक्यात शेवटच्या मिनिटात फ्री थ्रोपेक्षा महाग असतं ते पझेशन, म्हणजे बॉलचा ताबा, आणि फ्लॅग्रंटवरचं खरं भांडण त्या पझेशनचं असतं.

रिप्ले पहिल्यांदा पूर्ण वेगात बघा

टीव्हीवाले लगेच स्लो मोशन लावतात. स्लो मोशनमध्ये प्रत्येक गोष्ट मुद्दाम केल्यासारखी दिसते, हात हळूहळू चेहऱ्याकडे जातोय, बोटं वळतायत, बघणाऱ्याला वाटतं याने ठरवूनच मारलं. प्रत्यक्षात ते सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात झालेलं असतं. म्हणून शक्य असेल तर मूळ वेगातली क्लिप आधी बघा आणि मनात एक अंदाज बांधा, मग स्लो मोशनमध्ये फक्त दोन गोष्टी शोधा: नेमका कॉन्टॅक्ट कुठे झाला, डोकं, मान, छाती, हात की कंबरेखाली, आणि कॉन्टॅक्टच्या आधी तो हात कुठून निघाला. वेग आणि जोर याचा निर्णय स्लो मोशनवरून करू नका, तो मूळ वेगातल्या क्लिपवरूनच करायचा.

आणि कॅमेऱ्याचा अँगल. बाजूच्या कॅमेऱ्यातून ब्लॉक करणारा हात डोक्यावर आदळल्यासारखा वाटतो आणि बास्केटखालच्या कॅमेऱ्यातून कळतं की तो बॉलला लागून मग खांद्यावर घसरला. एका अँगलवरून मत बनवलंत तर दुसरा अँगल आला की ते बदलण्याची तयारी ठेवा, मॉनिटरसमोर उभे असलेले तीन रेफ्री तेच करत असतात, म्हणून एवढा वेळ लागतो.

मुख्य काम: हे पाच प्रश्न, याच क्रमाने

हा क्रम माझा आहे, रूलबुकात असा छापलेला नाही, पण रूलबुकातल्याच व्याख्येवर उभा आहे आणि मला दोन वर्षं जिममध्ये फार उपयोगी पडला.

पहिला प्रश्न, बॉल कुठे होता? फाऊल ज्याच्यावर झाला त्याच्याकडे बॉल होता, तो पास घेणार होता, की तो प्लेपासून पार लांब होता? शेवटच्या मिनिटात टीम्स समोरच्या सगळ्यात कच्च्या फ्री थ्रो शूटरला शोधत फिरतात. बॉल एका कोपऱ्यात आणि तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बिचाऱ्या सेंटरला धरलंत, तर तो बॉलसाठीचा प्रयत्न नाहीच, फ्लॅग्रंट १ च्या व्याख्येत बसतं. त्याचप्रमाणे इनबाउंड करणाऱ्या, म्हणजे लाइनबाहेरून बॉल आत टाकणाऱ्या, खेळाडूलाच धरलं किंवा धक्का दिला तरीही फ्लॅग्रंट १. इथे फिबावाले आपले लोक गोंधळतात, कारण २०२२ पासून फिबामध्ये शेवटच्या दोन मिनिटांत बॉल हातातून सुटायच्या आधी फाऊल केला तर थ्रो-इन फाऊल नावाचा वेगळा प्रकार आहे, एक फ्री थ्रो आणि पझेशन. कॉलेजमध्ये तो प्रकार नाही.

आणि इनबाउंड करणाऱ्याला न लागता त्याच्या हातातला बॉल लाइनपलीकडे हात घालून उडवला तर? तो फ्लॅग्रंट नाही, टेक्निकल. वर सांगितलेल्या ह्यूस्टन-ड्यूक मॅचमध्येच शेवटच्या मिनिटाच्या आसपास ह्यूस्टनच्या जोसेफ टगलरवर हेच झालं. बॉलला हात लागला की टेक्निकल, माणसाला लागला की फ्लॅग्रंट १, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरा प्रश्न, बॉलपर्यंत पोचणं शक्य तरी होतं का? प्रयत्न खरा असला पाहिजे. डिफेंडर शूटरच्या दोन पावलं मागे आहे, बॉल शूटरच्या पुढच्या हातात आहे, आणि डिफेंडरने पाठीत दोन हात लावले, तर "मी बॉलसाठीच गेलो" हे कुणी मानणार नाही. ब्रेकअवेवर, म्हणजे एकटाच बास्केटकडे पळत असताना, मागून धक्का, मागून जर्सी ओढणं, दोन्ही हातांनी मिठी मारून थांबवणं, हे सगळं फ्लॅग्रंट १ च्या घरातलं. उलट हात बॉलच्या दिशेने गेला, अर्धा सेकंद उशीर झाला आणि मनगटावर जोरात फटका बसला, आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला, तरी तो बहुतेक वेळा साधा फाऊलच असतो. आवाज म्हणजे पुरावा नाही.

ओडेनचा धक्का या प्रश्नावर घासून बघा. दोन हात, केजच्या अंगावर, बॉलकडे हात नाहीत. मी ती क्लिप कितीतरी वेळा पाहिली आहे आणि माझं मत आहे की तो त्या काळचा इंटेन्शनल होता, साधा नव्हे. झेवियरच्या माणसांना आजही ते टोचत असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

तिसरा, कॉन्टॅक्ट शरीराच्या कुठल्या भागावर? खांद्याच्या वर गेलं की रेफ्री जवळजवळ नेहमीच मॉनिटरकडे जातात, त्यातही कोपर असेल तर नक्कीच. कोपर फिरवून लागलं, अतिरेकी किंवा अनावश्यक असेल, तर फ्लॅग्रंट १, आणि जोर टोकाचा असेल तर २. फक्त चेहऱ्याला लागलं म्हणून आपोआप फ्लॅग्रंट होत नाही हेही तेवढंच खरं, शॉट मारताना हात खाली येऊन नाकाला घासला तर ते खेळातलंच.

कंबरेखालच्या फटक्याची तर स्वतंत्र कथा आहे. १ फेब्रुवारी २०२५ ला टेक्सास टेकचा जेटी टॉपिन ह्यूस्टनविरुद्ध सुरुवातीच्या चारएक मिनिटांतच फ्लॅग्रंट २ वर बाहेर गेला, त्याचा पाय टगलरला, हाच टगलर, नको तिथे लागला होता. टेक्सास टेकच्या कोचलाही बाहेर काढलं गेलं आणि तरी ती टीम ओव्हरटाइममध्ये ८२-८१ जिंकली. त्या वेळी अडचण अशी होती की अशा कॉन्टॅक्टला रेफ्रीकडे दोनच पर्याय होते, एकतर साधा फाऊल नाहीतर थेट फ्लॅग्रंट २, मधलं काही नाही. २०२५-२६ पासून तिथे फ्लॅग्रंट १ देता येतो. हा बदल मला मनापासून पटला, कारण चुकून लागलेला पाय आणि मारलेली लाथ यांच्यामध्ये बरंच काही असतं आणि रेफ्रीला ते म्हणायची सोय हवी. म्हणजे जुना वाद उकरून काढताना तेव्हाचा नियम काय होता ते आधी तपासा, आजच्या नियमाने कालच्या रेफ्रीला झोडपू नका.

चौथा, हात मागे नेला होता का आणि लागल्यावर पुढे जात राहिला का? कोपर मागे खेचून पुढे आणणं, किंवा फटका बसल्यावरही हात न थांबता आरपार जाणं, यावरून कॉन्टॅक्ट गंभीर आहे की नुसता बेशिस्त हे ठरतं. १ आणि २ मधली रेघ बहुतेक वेळा इथेच आखली जाते.

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड, कॉन्टॅक्टची सुरुवात कुणी केली? हुक अँड होल्ड नावाचा प्रकार यासाठीच नियमात आला. रिबाउंडच्या वेळी एकजण दुसऱ्याचा दंड आपल्या काखेत अडकवतो, खाली ओढतो, आणि असं दाखवतो की मलाच धरलंय. समोरच्याचा खांदा निखळू शकतो. नुसत्या डोळ्यांनी रेफ्रीला उलटंच दिसतं आणि फाऊल भलत्यावर जातो, म्हणून मॉनिटरवर हे सापडलं की अडकवणाऱ्यावर फ्लॅग्रंट लागतो. बघताना एकच युक्ती, पडणाऱ्याचा हात बघा. तो सोडवायचा प्रयत्न करतोय की घट्ट धरून ठेवतोय?

हॉर्न वाजला आणि रेफ्री टेबलाकडे गेले: आता काय काय होऊ शकतं

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. मॉनिटर म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून ठरवायचा परवाना नाही.

शिट्टी वाजून फाऊल दिलेला असेल, तर रेफ्री व्हिडिओ बघून तो साधाच ठेवू शकतात, १ करू शकतात, २ करू शकतात. पण शिट्टीच वाजली नव्हती आणि व्हिडिओत साधा फाऊल स्वच्छ दिसला, तर तो देता येत नाही, फ्लॅग्रंटच्या दर्जाचं काही असेल तरच शिक्षा. त्यामुळे "दिसतंय ना फाऊल आहे, मग द्या ना" हे ओरडणं फुकट आहे, त्यांचे हात बांधलेले असतात. आणि बघायलाही मुदत असते, खेळ पुढे सरकला की मागचं उकरता येत नाही. म्हणूनच अनुभवी कोच प्रसंग घडल्या घडल्या रेफ्रीला आवाज देतात, दोन प्ले झाल्यावर नाही.

२०२५-२६ पासून मेन्समध्ये कोचेस चॅलेंज आलंय. पण ते आउट ऑफ बाउंड्स, गोलटेंडिंग (बास्केटकडे खाली येणारा बॉल अडवणं) आणि बास्केटखालच्या अर्धवर्तुळातल्या सेकंडरी डिफेंडरसाठी (मदतीला आलेला दुसरा बचावपटू), आणि त्यासाठी हातात टाइमआउट लागतो. फ्लॅग्रंटसाठी चॅलेंज लागत नाही, ते बघायचा अधिकार रेफ्रींकडेच आहे. त्यामुळे "कोचने चॅलेंज का नाही वापरलं" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

फ्री थ्रो कोण मारणार हेही बघत जा. टेक्निकलला टीममधला कुणीही मारू शकतो, म्हणून सगळ्यात पक्का शूटर पाठवतात. फ्लॅग्रंट हा पर्सनल फाऊल (चालू खेळात अंगावर झालेला) असेल तर ज्याच्यावर झाला त्यालाच मारावे लागतात, इजेमुळे तो उभा राहू शकत नसेल तर बदली खेळाडू. शेवटच्या दहा सेकंदांत हा फरक फार मोठा असतो.

घड्याळ आणि स्कोअर निर्णयात येऊ देऊ नका

हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा आहे आणि यावर मी मित्रांशी सगळ्यात जास्त भांडतो. लोक म्हणतात, एवढ्या शेवटी रेफ्रीने मॅच ठरवू नये, खेळाडूंना ठरवू द्या. ऐकायला छान वाटतं. पण तिसऱ्या मिनिटाला जो धक्का फ्लॅग्रंट १ आहे तो एकोणचाळिसाव्या मिनिटाला साधा म्हणून सोडला, तर रेफ्रीने मॅच ठरवलीच की, फक्त धक्का देणाऱ्याच्या बाजूने.

मी स्वतः हे केलंय. जिममधली सेमीफायनल होती, वीस सेकंद, एका पॉइंटचा फरक, एक मुलगा एकटा लेअपला चालला होता आणि मागच्याने त्याची जर्सी मुठीत धरून ओढली. मला दिसलं, शंभर टक्के दिसलं, आणि मी साधा फाऊल दिला कारण दोन्ही बेंच उभे होते आणि मला वाटलं एवढ्यावर मॅच संपवायची का. त्या मुलाने दोन्ही फ्री थ्रो चुकवले आणि ती टीम हरली. तो नंतर माझ्याकडे येऊन शांतपणे एवढंच म्हणाला की पहिल्या हाफमध्ये तर तू हेच फ्लॅग्रंट दिलं होतंस. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

आणि उलट बाजूनेही तेच. आघाडी मोठी आहे, मॅच संपल्यात जमा आहे, म्हणून काणाडोळा करायचा नाही. ४ मार्च २००७, चॅपल हिल, नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध ड्यूक, १४.५ सेकंद उरलेले आणि कॅरोलायना आरामात पुढे, शेवटी ८६-७२ झालं. ड्यूकच्या जेराल्ड हेंडरसनचा हात टायलर हॅन्सब्रोच्या नाकावर बसला, रक्ताने तोंड माखलं, नाकाचं हाड मोडलं, नंतर हॅन्सब्रो मास्क लावून खेळला. हेंडरसनला बाहेर काढलं आणि पुढच्या मॅचची बंदीही आली. ड्यूकचे कोच शशेव्हस्की म्हणाले की निकाल आधीच लागला होता आणि अशा वेळी हे खेळाडू कोर्टवर होते हेच दुर्दैवी. मुद्दाम होतं की नाही यावर आजही दोन्हीकडचे लोक हटत नाहीत. पण आपल्या पाच प्रश्नांत "मुद्दाम" हा शब्दच नाही, त्यामुळे फाऊल किती गंभीर होता ते ठरवायला तो वाद सुटायची वाट बघावी लागत नाही.

मोठी आघाडी म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०२२ मध्ये फोर्ट वर्थला नॉर्थ कॅरोलायना बेलरविरुद्ध तब्बल २५ ने पुढे होती, दहा मिनिटं आणि आठ सेकंद बाकी, तेव्हा २६ पॉइंट केलेला ब्रॅडी मॅनेक जेरेमी सोहानला कोपर लागल्यावरून फ्लॅग्रंट २ वर बाहेर गेला. तिथून बेलरने ८०-८० बरोबरी केली. कॅरोलायना ओव्हरटाइममध्ये ९३-८६ जिंकली म्हणून तो कॉल आज फारसा कुणी काढत नाही, हरली असती तर दरवर्षी मार्चमध्ये त्याचीच क्लिप फिरली असती. कॉल तोच राहिला असता, बरोबर असेल तर बरोबर, चूक असेल तर चूक. म्हणून मी मित्रांना सांगतो, शेवटचा स्कोअर कळायच्या आधी आपलं मत कागदावर लिहून ठेवा.

खेळाडूचं नाव आणि जुना इतिहासही असाच आत घुसतो. विस्कॉन्सिनच्या ब्रॅड डेव्हिसनबद्दल आधीपासून चर्चा होती, आणि २७ जानेवारी २०२० ला आयोवाविरुद्धच्या मॅचमध्ये शेवटी शेवटी स्क्रीनमधून (वाट अडवायला उभ्या राहिलेल्या खेळाडूला चुकवून) जाताना कॉनर मॅकॅफरीला कंबरेखाली लागल्यावरून त्याला फ्लॅग्रंट १ मिळाला, आयोवा ६८-६२ जिंकली, नंतर बिग टेनने, म्हणजे या दोन्ही टीम ज्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या लीगमध्ये) खेळतात तिने, त्याला एका मॅचची बंदीही घातली. इथे दोन निर्णय आहेत ते वेगळे करा. रेफ्रीने फक्त तो एक प्रसंग बघायचा असतो, आधी काय झालं ते नाही. कॉन्फरन्स मात्र नंतर शांतपणे आधीचंही बघू शकते.

मॅच संपल्यावर

रेफ्रींनी कोर्टवर जे ठरवलं तेच कायम राहतं, कॉल चुकला म्हणून स्कोअर कुणी बदलत नाही. एनबीए २०१५ पासून जवळच्या मॅचेसच्या शेवटच्या दोन मिनिटांचा रिपोर्ट छापते, त्यात चुकलेले कॉल सरळ मान्य करतात. एनसीएएकडे असं काही नाही आणि ते असायला हवं असं मला फार वाटतं, निदान मार्चच्या टूर्नामेंटपुरतं तरी. एकोणीस-वीस वर्षांची मुलं, त्यातल्या बऱ्याच जणांची ती आयुष्यातली शेवटची मोठी मॅच, त्यांना कॉल चूक होता की बरोबर एवढं तरी कळलं पाहिजे.

तोपर्यंत हे काम आपणच करायचं. माझ्याकडे एक साधी वही आहे, प्रत्येक वादग्रस्त कॉलला एक पान. वर तारीख, स्कोअर, घड्याळ, टीम फाऊल. खाली पाच प्रश्नांची एक-एक ओळीत उत्तरं, मग माझा निर्णय, मग रेफ्रीचा निर्णय, आणि सगळ्यात शेवटी मी त्या मॅचमध्ये कुणाच्या बाजूने होतो ते. ते शेवटचं नक्की लिहा. दहा-बारा पानं झाली की परत चाळा आणि मोजा, तुमचा निर्णय किती वेळा तुमच्याच टीमच्या फायद्याचा निघालाय.